जेवाय या

सोलापुरातल्या एका शोरूममध्ये मी दोन कंपन्यांचे वायरलेस स्पीकर ताडून पाहत होतो. चार खोल्यांत चार स्पीकर आणि सगळीकडे एकाच वेळी एकच गाणं. महिनाभर त्यावरचे व्हिडिओ बघून मी शहाणा झालो होतो. शेजारी मंद्रूपकडचे एक धिप्पाड काका होते, दाराशी चपला काढून आत आलेले. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा ते प्रत्येक स्पीकरवर तळवा ठेवत होते.

"गाणं नको," ते विक्रेत्याला म्हणाले. "नवा बंगला बांधलाय. सगळी आपापली दारं लावून बसत्यात. हाक पोचतच न्हाय."

विक्रेत्याने खूश होऊन मोबाइल पुढे केला. काका त्यात म्हणाले, "जेवाय या." आधी डावीकडच्या, मग उजवीकडच्या स्पीकरांतून त्यांचा आवाज घुमला. काका मान तिरकी करून थांबले.

"डावीकडचा जास्त स्वच्छ आहे," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"अन् तिकडनं कुणी 'आलो' म्हणलं, तर मला ऐकू येतंय का?"

"नाही काका. स्पीकर आहे तो, फक्त बोलतो."

"तेवढं तर मी बी करतोय की," म्हणत त्यांनी चपला घातल्या.

मी डावीकडचा संच घेतला. परवा तो दुपारीच बंद पडला होता. घरात कुणी काही बोललं नाही. मलाही ते संध्याकाळी कळलं, कानातले हेडफोन काढल्यावर.