माझ्या आईची एकेचाळीस वाक्यं

"आजी, पुन्हा एकदा म्हणा."

साहेब खुर्चीतून पुढे झुकून म्हणाले. समोर माझी आई उभी होती. डोक्यावर पदर, हातात भाकरीचं गाठोडं, उजव्या अंगठ्याला चिंधी. तेव्हा ती पंचेचाळिशीचीही नव्हती. पण खेड्यातली, काळी, सुकलेली बाई दिसली की नगरच्या कचेरीत तिची लगेच आजी व्हायची.

दुष्काळाचं वर्ष होतं. आई तिसगावच्या पुढे दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. अंगठा ठेचला म्हणून खाडा पडला, तर म्हणाली असेल, चला, पोरीला भाकरी देऊन येऊ. एसटीनं आली. मी त्या सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. हंगामी. मला कायम करायचं की घरी बसवायचं, ते साहेबांच्या हातात होतं. त्यांनी आईला आत बोलावलं आणि हसत विचारलं, "मुलीला एवढं शिकवलंत कसं हो?"

आईला वाटलं, विचारतायत तर खरं सांगावं.

"ही उसाच्या पाचटात जल्मली, सायेब. मी कोयता बाजूला ठिवला, पोर पोटाशी घेतली. दुपारच्याला परत मोळ्या बांधाया गेले. तवाच म्हनलं, हिच्या हातात कोयता द्यायचा न्हाई."

साहेब टेबलावर थाप मारून हसले. "दुपारच्याला परत मोळ्या! वा!" त्यांनी हेडक्लार्क बाईंना हाक मारली, दोन कारकून आले, शिपाई दारात येऊन थांबला. "आजी, पुन्हा एकदा म्हणा."

आईला वाटलं, यांना नीट ऐकू गेलं नाही. तिनं सावकाश, पहिल्यापासून सांगितलं. सगळे हसले. मग अकाउंट्सवाले आले म्हणून तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तिचा आवाज खाली गेला. तिला कळलं होतं. तरी तिनं वाक्य पुरं केलं, कारण समोर पोरीचा साहेब होता.

मी दाराशी उभी होते. आणि मीही हसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं ऐकताना कुणी मला बिचारी समजू नये.

साहेब नाटकवाले होते. गावातली बडी मंडळी त्यांच्या ग्रुपात होती. मुंबईत टीव्ही नुकताच सुरू झाला होता. नगरात तो कुणी पाहिला नव्हता, बोलत मात्र सगळे होते. साहेबांनी मेव्हण्याकडे दादरला पाहिला होता. तेव्हापासून त्यांना एकच ध्यास, आपलं नाटक टीव्हीवर लागलं पाहिजे. नोकरदार मुलाच्या घरी खेड्यातली आई राहायला येते, दोन अंक हसायचं, शेवटी डोळे पुसायचे, असं ते नाटक. मुंबईचे एक अधिकारी नगरला प्रयोग बघायला येणार होते.

"टीव्हीवर नाटकी चालत नाही," साहेब म्हणायचे. "माणूस घरात बोलतो तसं पाहिजे. नॅचरल."

ते लिहायचे, मी टाईप करायची. त्यांची खेड्यातली आई दर वाक्याला कपाळावर हात मारून घ्यायची आणि "आरं माझ्या लेकरा" म्हणायची. मला राहवेना. एकदा बोलून गेले, "साहेब, असं कुणी बोलत नाही."

ते रागावले नाहीत. चष्मा काढून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मग तुझी आई काय म्हणेल?"

तिथे मी फसले. कचेरीत हेडक्लार्क बाईंना "अहो", मला "अगं". दीड वर्षात माझं मत कुणी कशाबद्दल विचारलं नव्हतं. मी केडगावला दोन मुलींबरोबर एका खोलीत राहायची. तिथेही आणि कचेरीतही पुस्तकातल्यासारखं शुद्ध बोलायची. माझी गावची बोली मी अशी गिळली होती की स्वप्नातही ती वर येऊ नये. आणि हा माणूस तीच मागत होता. मला मोठेपणा वाटला. मी सांगितलं.

मग रोजचंच झालं. डबा खाताना साहेब बोलवायचे. सून चहा देत नाही, तुझी आई काय म्हणेल? नळाला पाणी नाही, काय म्हणेल? मी सांगायची, ते लिहून घ्यायचे. माझ्याजवळचं संपलं तेव्हा मी शनिवारी गावाला जायला लागले. चुलीपुढे बसायचं, आईला बोलतं करायचं, आणि सोमवारी साहेबांपुढे ओतायचं. आईला वाटायचं, पोर हल्ली मायेनं येते.

अशीच एका शनिवारी तिनं बाबा गेले त्या दिवसाचं सांगितलं. एकच वाक्य. तव्याकडे बघत, हळू. इतक्या वर्षांत ते ती कुणाला बोलली नव्हती.

सोमवारी मी तेही दिलं.

साहेबांनी ते दुसऱ्या अंकात घातलं. विनोदाच्या जागी.

नाटकातल्या आईचं काम ग्रुपातल्या एका डॉक्टरांच्या बाई करत होत्या. सावेडीला त्यांचा नवा बंगला झाला होता, तिथल्या हॉलमध्ये तालमी व्हायच्या. मला प्रॉम्प्टिंगला बसवलं होतं. बाईंचं पाठांतर चांगलं होतं, पण माझ्या आईची वाक्यं त्यांच्या तोंडात बसत नव्हती. बाबांचं वाक्य तर दर वेळी अडायचं. त्या थांबून माझ्याकडे बघायच्या, मी पुटपुटायची, मग त्या बोलायच्या.

"खरंच असं बोलतात गं?" त्या एकदा म्हणाल्या. "मला वाटलं, यांनी ओढूनताणून लिहिलंय. तू म्हणून दाखव बरं."

मी म्हणून दाखवलं. आई म्हणाली होती तसंच. हळू, खाली बघत.

"नाही, नाही," साहेब मध्येच म्हणाले. "हे नॅचरल वाटत नाही. खेड्यातली बाई एवढं हळू बोलते का? ठसक्यात म्हण. हात उडव."

माझ्या आईसारखं बोलायला मला तो माणूस शिकवत होता. आणि मी काय केलं? ठसक्यात म्हणून दाखवलं. हात उडवला. सगळे हसले. बाई म्हणाल्या, "हां, आता पटलं." त्या रात्री खोलीवर वाटलं, सोडून द्यावं सगळं. पण सोडून जाऊ कुठे? खडी फोडायला? माझ्या पगारातून धाकटा भाऊ शाळेत जात होता. कायमची ऑर्डर प्रयोगानंतर निघेल, असं साहेबांनी दोनदा सांगितलं होतं. चुलीपुढून नेलेली वाक्यं आता त्यांच्या वहीत होती. बाहेर पडायची वाट मीच बंद करून घेतली होती.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "तुझ्या आईला बोलावलंय. जीप पाठवतोय. शेवटी स्टेजवर आणू. अधिकाऱ्यांना कळू दे, आपलं सगळं अस्सल आहे."

मी म्हणाले, "साहेब, नको."

"का? तिचा मानच आहे की."

खरं कारण सांगायचं तर मी आईला न विचारता काय काय आणलंय ते सांगावं लागलं असतं.

प्रयोग संध्याकाळचा, नगरच्याच थिएटरात. मी विंगेत स्टुलावर, मांडीवर माझीच टाईप केलेली प्रत. तिथून पहिल्या दोन रांगा दिसत होत्या. पहिल्या रांगेत मुंबईचे अधिकारी. दुसऱ्या रांगेत कडेला आई. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून आली होती. आधी ती कौतुकानं दिवे बघत होती.

पडदा उघडला. बाई बोलायला लागल्या आणि मला दिसलं, आई एकेक वाक्य ओळखत होती. चहाचं. नळाचं. मग पाचटात जन्मलेल्या पोरीचं, मोळ्यांचं. लोक खुर्च्यांवर थापा मारत होते. आईनं पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईला वाटलं, ही हसतेय.

दुसऱ्या अंकात बाबांच्या वाक्याची जागा आली. बाई थांबल्या. सवयीनं विंगेकडे बघितलं.

वाक्य माझ्या बोटाखाली होतं. मी ते दिलं नाही. प्रत मिटली.

बाईंनी पुन्हा पाहिलं. डोळे मोठे केले. मी त्यांच्याकडे बघत बसले. हॉल शांत. कुणीतरी खोकलं. समोरच्या विंगेतून साहेब हातवारे करत होते. मी हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या गप्प बसण्यानं कुणाचं तरी अडलं होतं. ते फार टिकलं नाही. साहेब मागच्या बाजूनं पळत आले, माझ्या मांडीवरून प्रत ओढली आणि ते वाक्य स्वतःच ओरडून सांगितलं. बाईंनी ते ठसक्यात म्हटलं. हात उडवला.

हॉल कोसळला हसून.

आई स्टेजकडे बघत नव्हती. ती विंगेकडे बघत होती. माझ्याकडे.

प्रयोग संपला. साहेबांनी तिला हाताला धरून स्टेजवर आणलं. "मंडळी, हे संवाद कृत्रिम वाटले का? नाही ना? कारण ही खरी माणसं आहेत. आजी, ते मोळ्यांचं म्हणा बरं एकदा."

आई उभी राहिली. डोळ्यांवर दिवे आले म्हणून तिनं हात आडवा धरला.

मी विंगेतून बाहेर आले. कशी आले, आठवत नाही. तिच्यापुढे उभी राहिले आणि म्हणाले, "ती म्हननार न्हाई. आता न्हाई आन पुन्यांदा बी न्हाई."

दीड वर्ष गिळलेली बोली अशी वर आली. आणि टाळ्या पडल्या. अधिकारी उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं, नाटकाचाच शेवट आहे हा. साहेब त्यांच्याकडे वळून म्हणाले, "बघा. किती नॅचरल!"

माझा नकारही त्यांनी खिशात घातला. मी आईचा हात धरून मागच्या दारानं बाहेर पडले.

स्टँडवर शेवटची गाडी लागायची होती. आई बाकावर बसली. गाठोडं मांडीवर घेत म्हणाली, "मोळ्याचं मीच सांगितल्यालं. त्याचं काय न्हाई. पर तुज्या बाचं? ते चुलीम्होरचं?"

ती माझ्याकडे वळली.

"तू सांगितलंस?"

"व्हय."

तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गाडीत बसताना तिनं गाठोड्यातली भाकरी काढून माझ्या हातात दिली आणि पदर सावरत खिडकीकडे तोंड केलं.

सोमवारी साहेब खुशीत होते. नाटक मुंबईला निवडलं गेलं होतं. "तू केलंस ते वाईट, पण आपल्या पथ्यावर पडलं," ते म्हणाले. "शेवटी तेच ठेवू. तू मुंबईला प्रॉम्प्टिंगला ये, बाईंचं तुझ्यावाचून अडतं. आणि माफीचं एक पत्र दे, रेकॉर्डला असू दे. मी सांगतो, तू टाईप कर." कायमची ऑर्डर टेबलावर होती. त्यावर सही तेवढी राहिली होती.

ते सांगू लागले. "झाल्या प्रकाराबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. भावनेच्या भरात माझ्याकडून..."

मी मशीनवर बसले. कागदाखाली तीन कार्बन घातले. आणि माझं स्वतःचं टाईप केलं: या नाटकातली खालील एकेचाळीस वाक्ये माझ्या आईची आहेत. ती मी तिला न विचारता दिली. तो गुन्हा माझा. ती मी परत घेत आहे. ती वापरू नयेत.

खाली पान नंबर आणि ओळ. एकेचाळीस वेळा. प्रत मीच टाईप केली होती, मला तोंडपाठ होती. अर्धा तास लागला. साहेबांना वाटलं, माफी लांबलचक होतेय.

एक प्रत त्यांच्यापुढे ठेवली. एक डॉक्टरांच्या बाईंना, एक मुंबईला. चौथी माझ्याकडे आहे.

साहेबांनी वाचलं. हसायचा प्रयत्न केला. "वाक्यं काय कुणाच्या मालकीची असतात? वेडी आहेस का तू?"

"मंग तुमी तुमच्या आईची लिवा," मी म्हणाले.

ऑर्डरवर सही झाली नाही. महिनाअखेरीला मला काढलं. भावाची शाळा एक वर्ष बुडाली, मी शिकवण्या करून ती पुन्हा चालू केली. नाटक मुंबईला गेलं की नाही, त्यात काय ठेवलं, काय काढलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

आईनं मला टाकलं नाही. पण त्या दिवसापासून ती माझ्यापुढे जपून बोलते. चुलीपुढे बसते, तोंड उघडते, माझ्याकडे बघते, आणि दुसरंच काहीतरी बोलते. पावसाचं, शेळीचं. ते मी घालवलं. त्याची माफी कुठल्याच कागदावर मागता येत नाही.

आता मी जिथे जाते तिथे माझ्या बोलीत बोलते. कुणी हसलं तर तो हसायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत राहते. कुणी म्हणालं, पुन्हा एकदा म्हणा, तर म्हणत नाही. आणि आईचं एक अक्षरही तिला विचारल्याशिवाय माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही.

हे सगळं तिला वाचून दाखवलंय. पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोनदा. मोळ्यांचं वाक्य आल्यावर ती म्हणाली, "राहू दे. ते तसंच झाल्तं." एका ठिकाणी म्हणाली, "हे काढ."

काढलं. ते तुम्हाला कधीच कळणार नाही.