कस्तुराच्या घरातली फोडणी

चिंचवडला कंपनीजवळच्या चाळीत कस्तुराची आणि माझी भिंत एकच होती, आणि माझं नाक मेलं तिखट. चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात तिच्या नवऱ्याला, भीमराजला, कांजिण्या आल्या. दाराला कडुलिंब लागला. देवी घरात असताना फोडणी द्यायची नाही, तिचा कोप होतो, हे बीडकडून आलेल्या त्या माणसांना मी सांगायची गरज नव्हती. तरी सहाव्या दिवशी भिंतीपलीकडून लसणाच्या फोडणीचा वास आला. दुसऱ्या दिवशी नळावर मी ते बोलून दाखवलं. माझ्या जिभेला हाड नाही.

कांजिण्या सुकल्या, भीमराज शिफ्टला जायला लागला. तीन आठवड्यांनी लेथ मशीनवर काम करतानाच त्याचा उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं गेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, कांजिण्यांच्या विषाणूमुळे मेंदूतली रक्तवाहिनी सुजून तिथे रक्ताची गुठळी झाली. क्वचित होतं असं. चाळीत ते कुणालाच पटलं नाही. मलाही नाही.

सासू तानुबाईंनी सुनेवरच बोट ठेवलं. "हिनंच फोडणी दिली. देवी कोपली." बायका कस्तुराच्या हातचं पाणी घेईनात. मी तर तिच्या डब्याडुब्यांवरही नजर ठेवून असे. ती एकदाही 'मी नाही' म्हणाली नाही, त्यामुळे माझा संशय पक्काच झाला. खाली मान घालून ती नवऱ्याला डाव्या हाताने जेवायला शिकवत राही.

महिन्याभरात तानुबाईंनी कस्तुराच्या भावाला, रंगरावला, बोलावून घेतलं. कायमची घेऊन जा म्हणाल्या. कस्तुराने ट्रंक भरली आणि सासूला समजावू लागली, "आत्याबाई, ह्यांना पाणी चमच्यानं पाजा. उताणं निजवून पाजू नगा, ठसका लागतोय."

तानुबाई मटकन खाली बसल्या. "त्यानं लई हट्ट धरला गं. मिळमिळीत जेवण जाईना लेकराला. तू नळावर गेलतीस. म्याच दिली फोडणी."

मी दारातच उभी होते.

"ठावं हाय मला," कस्तुरा म्हणाली. "मी आले तवा कढई तुमच्याच हातात व्हती."

"मग बोलली का न्हाईस?"

"डॉक्टर म्हनले ते मला पटलं. फोडणीनं असं व्हत न्हाई. तुमाला कुठं पटलं? मी खरं बोलले असते, तर लेकाचं आपनच वाटोळं केलं म्हनून तुमी जीव दिला असता."

रंगरावने ट्रंक उचलली होती. तानुबाईंनी ती त्याच्या हातातून ओढून घेतली.