आंधळ्या बर्फीचा पिंजरा

"तिसऱ्यांदा पडला मॅडम! या हप्त्यात तिसऱ्यांदा!" असं म्हणत लोखंडे काकांनी टोपली टेबलावर ठेवली.

टोपलीत बर्फी होता. चिंचिला. कान उंदराचे, शेपूट खारीची, अंग सशाचं. बनवणाऱ्यानं उरलेसुरले पार्ट जोडून दिल्यासारखा. हे मूळचं दूरदेशच्या थंड पहाडातलं जनावर. आपला उन्हाळा त्याले झेपत नाई. म्हणून काकांनी सेलूच्या घरी एसी लावला, तो फक्त बर्फीच्या खोलीत. काका-काकू कूलरवर. एप्रिल लागला तशा दोघांच्या खाटा बर्फीच्या खोलीत आल्या, ते सोडा.

मी वर्ध्यात जनावरांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. पशुपालनाचा डिप्लोमा झाला. त्याच्या आधीपासून मिमिक्री येते. शाळेत एकदा हेडमास्तरच्या आवाजात अर्ध्या वर्गाले सुट्टी देऊन टाकलती. बकरी आली की मी बकरीसारखा ओरडतो, ती गप होते, मॅडम इंजेक्शन देतात. पण चिंचिला माह्याही आयुष्यातला पहिलाच.

मॅडमनं टॉर्च मारला. दोन्ही डोळ्यांत पांढरं.

"मोतीबिंदू आहे. जवळपास दिसतच नाही त्याला."

"मंग काढून टाका ना," काका म्हणाले. "माह्या नाई काढला? संध्याकाळी घरी, दुसऱ्या दिवशी पेपर वाचला."

"काका, तुम्ही सत्तर किलोचे. हा अर्ध्या किलोचा. भूल दिली तर उठेलच याची गॅरंटी नाही."

काकांनी टोपली आपल्याकडं ओढून घेतली. मंग खरी गोष्ट निघाली. बर्फी त्यांच्या पोरीचा, स्नेहलचा. ती हैदराबादले नोकरीले गेली, बर्फी मागं राह्यला. आता तिनं फोनवर सांगितलं होतं, रविवारी येते. तवापर्यंत तो आपला आपण खात नसंल तं पुण्यात तिच्या ओळखीचे असे प्राणी पाळतात, त्यांच्याकडं देऊन टाकते.

"थो गेला तं मी बोलू कोनासंगं?" काका म्हणाले.

"मी मेली का?" मागून काकू.

"तुह्यासंगं बोलता नाई येत. तुह्यं आयका लागते."

न खाणं ही साधी गोष्ट नव्हती. अशा जनावराचं पोट चोवीस तास चालू पायजे. थांबलं की गॅस, अन् गॅस झाला की जनावर हातचं जाते. पडायच्या भीतीनं बर्फी वर गवतापर्यंत जातच नव्हता. मॅडमनं काकांले सिरिंजनं भरवायचं शिकवलं अन् माह्याकडं वळल्या.

"प्रफुल, उद्यापासून सेलू. पिंजरा तू बघ."

"मॅडम, मी बकरीवाला माणूस."

"आंधळी बकरी गोठ्यात कशी फिरते, पाह्यलं ना?"

पाह्यलं होतं. गव्हाण हलवली नाई तं आंधळी बकरी डोळसापेक्षा नीट फिरते. मी ठरवलं, हे पोट्टं पिंजऱ्यात चालवूनच दाखवायचं.

मंगळवारी जाऊन पाहतो तं पिंजरा तीन मजली. उडी मारायच्या फळ्या दूर दूर, गवत वरच्या मजल्यावर, पाणी तळाले. डोळस जनावराले मजा, आंधळ्याले विहीर. वरचे दोन मजले मी काढून टाकले. फळ्या पायरीसारख्या लावल्या, एकीहून दुसरी चार बोटं वर. कडेले पट्टी ठोकली, पाय घसरू नये म्हणून. सगळं लाकूड बिना रंगाचं, कारण हा प्राणी घरही खाते. फोटो मॅडमले पाठवला, मंगच खिळा ठोकला. खाली अंथरलेलं भुसकट अन् पाणी, पह्यल्या पायरीवर गवत, दुसरीवर लपायची लाकडी पेटी.

"आता यातलं काहीच हलवायचं नाई," मी सांगितलं. "अन् हात लावायच्या आधी आवाज द्यायचा. रोज तोच."

"कोनता?" काकांनी विचारलं.

"जो तुमचा हाय तोच."

"आहे का घरी, बर्फीराव?" काका खाकरून बोलले. पेटीतून दोन कान बाहेर आले.

बुधवारी तो भिंतीले मिशा घासत एक पायरी चढला. गुरुवारी दोन. शुक्रवारी काकांचा फोन आला. पह्यले बोललेच नाईत. मंग कुरूम कुरूम असा आवाज आला.

"आयकलं का? गवत हाय! आपल्या मनानं!"

मी दवाखान्यात नाचलो. मॅडमनं पाह्यलं अन् न पाह्यल्यासारखं केलं.

शनिवारी सकाळी परत फोन. "प्रफुल, येजो लवकर. थो कोपऱ्यात बसून हाय. दोनदा पट्टीले धडकला. खाऊन नाई राह्यला."

गाडी काढली. पोचलो तं पिंजरा चकाचक. टेप लावून मोजलं. फळ्या तिथंच, पेटी तिथंच, पाणी तिथंच. काहीच हललं नव्हतं. मंग हा रस्ता विसरला कसा?

ऐकू येते का पाहू म्हणून मी हुबेहूब काकांच्या आवाजात खाकरलो. "आहे का घरी, बर्फीराव?"

कान फिरले. बर्फी सरकत सरकत माह्या हातापर्यंत आला. बोटं हुंगली. अन् पाठ फिरवून परत कोपऱ्यात. हेडमास्तरच्या आवाजाले अर्धा वर्ग फसला होता. हा नाई फसला.

मी तसाच उकिडवा बसलो. म्हणजे हा आवाजावर येते, पण पटवून घेते नाकानं. मंग मीही नाक पिंजऱ्यात घातलं. फिनाईल!

"काकू, पिंजरा धुतला का?"

"धुतला ना बापू! उद्या पोरगी येऊन राह्यली. म्हणंल, आईनं कशा घाणीत ठेवला. फळ्या काढून घासल्या, होत्या तशाच बसवल्या. फिनाईलनं पुसलं. खालचं भुसकट फेकलं. तू म्हणला हलवू नका, मी काई हलवलं का?"

खरंच नव्हतं हलवलं. चूक माही होती. जागा सांगितली, वास सांगायचा राह्यला. बर्फीनं चार दिवस फळ्यांवर आपला वास लावून रस्ता आखला होता. काकूनं तो अख्खा नकाशा पुसून टाकला. वरून फिनाईल त्याच्या छातीलेही वाईट.

"भुसकट कुठं फेकलं?"

"पिशवीत गाठ मारून आताच घंटागाडीत देल्लं."

दूरवर घंटागाडीचं गाणं वाजत होतं. मी काकांले म्हणलं, बर्फीले टोपलीत काढा, पिंजरा साध्या पाण्यानं तीनदा धुवा, कोरडा करा. अन् पळालो. दोन गल्ल्या पुढं गाडी सापडली.

"थांबव भाऊ!"

"काय हरवलं? अंगठी?"

"नाई. लेंड्या."

त्यानं गाडी बंद करून मागचं झाकण उघडलं. "डब्बे दोन हायेत. सुक्या का वल्या?"

पांढरी पिशवी सुक्या डब्ब्यात तिसऱ्या थराले सापडली, गाठीसकट. पिशवी छातीशी धरून मी सेलूच्या मेन रोडनं पळत आलो. ओळखीच्या दोघांनी हात केला. मी थांबलो नाई.

पिंजरा वाळला. जुनं भुसकट तळाले पसरलं. मूठभर पेटीत, चिमूट चिमूट दर पायरीवर. काकू पदर नाकाले लावून पाहत होत्या. एवढ्या वर्षांत त्यांच्या घरात कचरा परत आला, असं पह्यल्यांदाच झालं असंल.

बर्फीले आत सोडलं. बराच वेळ नुसतं नाक हललं. मंग मिशा भिंतीले लागल्या. एक पायरी. थांबला. हुंगलं. गवतापाशी पोचला अन् एक काडी ओढली.

कुरूम.

काका भिंतीकडं तोंड करून चष्मा पुसत राह्यले.

रविवारी मीही गेलतो. स्नेहल न्यायची पेटी घेऊनच आलती. पिंजऱ्यापुढं बसली. बर्फी दोन पायऱ्या चढला, खाल्लं, उतरून पाणी पेला, परत चढला. एकदाही धडकला नाई. तिनं पेटी बाजूले सरकवली अन् नाक मुरडलं.

"आई, वास येऊन राह्यला गं. धुतला नाहीस का?"

काकू माह्याकडं पाहून म्हणाल्या, "येऊ दे. थो वास नाई, त्याचा रस्ता हाय."

बर्फी सेलूतच हाय. आता काकू पिंजरा अर्धाच धुतात. या आठवड्यात डावीकडचा, पुढच्या आठवड्यात उजवीकडचा. साध्या पाण्यानं. मीही आता कोणाच्या घरी पिंजरा लावला की पह्यले घर कोण पुसते ते विचारतो, अन् त्याच माणसाले समोर बसवून सगळं सांगतो.

मिमिक्री मी अजूनही करतो. बर्फी येते, बोटं हुंगते, परत जाते.