बसून सुचत न्हाई

दिगंबर सर गेल्याचा फोन आला तेव्हा दुपारचं जेवण करून मी पेपर चाळत पडलो होतो. त्यांचा मुलगा संजय औरंगाबादहून बोलत होता. "काका, बाबा सकाळी गेले. झोपेतच." मी नुसतं "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, कुणाचा होता. मी तिला सांगितलं, पण माझ्याच तोंडून निघालेल्या वाक्याचा मला अर्थ लागेना... असं काही डोक्यात बसेनासं झालं की आजवर मी एकच करत आलो होतो. चपला घालायच्या आणि दिगंबर सरांच्या घरी जायचं.

एक्क्याऐंशी साली मी परतूरच्या शाळेत मराठी शिकवायला लागलो. मूळचा टेंभुर्णीचा, आमच्या बौद्ध घरातला पहिला नोकरदार. दिगंबर सर तिथं आधीपासून गणिताला होते. आष्टीच्या शेतकरी घरातले, उंच, सडपातळ, पायांना सतत घाई असलेले. वर्गात ते खुर्चीवर बसल्याचं कुणी पाहिलं नाही. फळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत त्यांच्या फेऱ्या चालत आणि त्या फेऱ्यांमध्येच गणित सुटत जाई. मी नवीन असतानाच एकदा वेळापत्रकाचा घोळ झाला. एकच शिक्षक एकाच तासाला दोन वर्गांवर येत होता आणि आम्ही सगळे कागदावर वाकून बसलो होतो. सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "चला सर, उठा. इथं बसून काही सुचून राह्यलं न्हाई." आम्ही स्टेशनकडे निघालो, पुढं रुळाच्या कडेनं रेल्वे फाटकापर्यंत गेलो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, मी आपलं मधूनमधून काहीबाही सुचवत होतो आणि ते हमखास चुकत होतं. "तसंच बोलत राहा," ते म्हणाले. "तुम्ही चुकीचं बोलले की मला बराबर दिसतं." परत येईपर्यंत वेळापत्रक जुळलं होतं.

मग ते रोजचंच झालं. छोटी लाइन जाऊन मोठी लाइन आली, फाटकाजवळची मोकळी जागा घरांनी भरली, कापसाच्या दिवसांत गाड्यांच्या रांगेमुळं आम्हाला रस्ता सोडून मातीतून चालावं लागे, पण चालणं थांबलं नाही. गणित अडलं की सर उभे राहत, उजव्या चपलेच्या टोकानं धुळीत आकृती काढत आणि जमलं की पायानंच पुसून टाकत. नुसती गणितंच होती असं नाही. माझ्या मुलीला बारावीनंतर नर्सिंगला औरंगाबादला पाठवायचं की नाही, हेही त्याच रस्त्यावर ठरलं. माझे थोरले भाऊ नको म्हणत होते आणि खरं म्हणजे मलाही भीती वाटत होती. जाताना मी विरोधात बोलत होतो, सर बाजूनं. फाटकावरून वळलो आणि कधी कोण जाणे, ते माझ्या शंका मांडायला लागले आणि मी त्यांना उत्तरं देत होतो. घराशी आलो तेव्हा मुलगी जाणार हे ठरलेलं होतं. कुणी ठरवलं, ते आम्हाला दोघांनाही सांगता आलं नसतं.

निवृत्तीनंतर सरांना साखरेनं गाठलं. उजव्या पायाला चपलेचा फोड आला, फोडाची जखम झाली, ती काळी पडत वर चढली आणि शेवटी गुडघ्याच्या वर पाय काढावा लागला. जीव वाचला, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. महिनाभरानं मी मुद्दाम एक भूमितीचं कोडं घेऊन गेलो, त्यांना आवडेल असं. ते खाटेवर बसले होते. वाचलं, ओठ हलले, बोट चादरीवर फिरलं आणि थांबलं. "दुसऱ्या पायरीवर गेलो की पहिली निसटून जाते, सर." वहिनी दाराशी उभ्या होत्या. बाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात डोक्याला काहीच न्हाई झालं. मंग हे असे का बसून राह्यले?"

आम्ही काय केलं नाही... नकली पाय बसवला. तो लावून ते ओसरीत चालले, पण म्हणाले, "सगळं ध्यान त्या पायातच जातं, बाकीच्याला काही उरत न्हाई." मग चाकाची खुर्ची आणली आणि मी त्यांना ढकलत फाटकाकडे नेलं. ते पुढं तोंड करून बोलत होते, मी मागून ऐकत होतो, निम्मे शब्द मोटारींच्या आवाजात जात होते. मी काही विचारलं की त्यांना मान मागं वळवावी लागे. वाटेतल्या कापसाच्या जिनिंगपाशीच ते म्हणाले, "परत चला." आणि दाराशी आल्यावर, खाली न उतरता, "लोक म्हणत, दिगंबर सरांचं डोकं तेज आहे. माझं डोकं कुठं होतं? रस्ता होता, पाय होते, तुम्ही होते. मी त्यात मोकळा हिंडत होतो. आता खाटेवर हा जो बसून असतो, तो कोण आहे, मला बिलकुल ठाऊक न्हाई."

पुढं संजय त्यांना औरंगाबादला घेऊन गेला. त्याचंही चुकलं नाही, इथं दोघं म्हातारी एकटी कशी राहणार? तिसऱ्या मजल्यावर घर, खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. मी दिवाळीनंतर भेटायला गेलो, तीच शेवटची भेट. टीव्ही चालू होता. त्यांनी मला ओळखलं, हात धरला आणि धरूनच ठेवला. मी पुष्कळ बोललो, चुकीचंही बोललो, मुद्दाम. त्यांनी एकदाही दुरुस्त केलं नाही.

तेराव्यानंतर वहिनी सामान बघायला परतूरला आल्या. किल्ली माझ्याकडेच होती, मी कुलूप काढून दिलं, धुळीत चटई टाकून बसलो. त्या म्हणाल्या, "सर, संजय म्हणतो हे घर विकून टाकू. माझं मन इथं राहायचं म्हणतं. हे असते तर तुमच्याशी बोलून काय ते ठरवलं असतं. तुम्हीच सांगा." मी म्हणालो, जरा विचार करून येतो. बाहेर पडलो. स्टेशनवरून, रुळाच्या कडेनं, सवयीनं फाटकापर्यंत गेलो. घर राहू द्यावं, असं मी मनात म्हणालो. मग विकावं, असंही म्हणालो. कुठल्याच म्हणण्यावर समोरून काही आलं नाही. गाडी येणार म्हणून फाटक पडलं, गाडी गेली, फाटक उघडलं, लोक पलीकडे गेले. मी तिथंच उभा होतो. परत आलो तेव्हा वहिनी ओट्यावर वाट पाहत बसल्या होत्या. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या चटई गुंडाळायला आत गेल्या.