सुधाकरच्या तीन फेऱ्या

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका बाईशी साडीच्या भावावरून हुज्जत घालत होतो. बाई पक्की होती, दोनदा पायरी उतरून परत आलेली. पुलगावच्या बाजारात माझ्याकडून भाव तोडून घेणं सोपं नाही, हे तिलाही ठाऊक होतं. फोन सुधाकरच्या मेहुण्याचा. "गजूभाऊ, भाऊजी गेले सकाळी," एवढंच तो बोलला. मी फोन खाली ठेवला आणि बाईला म्हणालो, "न्या, तुमच्याच भावानं न्या." तर ती साडी घेईना. "एवढ्यात कसे मानले हो भाऊ? मालात काही खोट हाय काय?" ती गेल्यावर शटर अर्धं ओढलं आणि तसाच बसून राहिलो... त्याला आता दीड महिना होईल.

ज्यांना सुधाकर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेसाठी फिजिक्स शिकवणारा तो आमच्या गावातला मास्तर. आम्ही शाळेत एका बाकावर होतो. तो नाचणगावचा, मी रोहण्याहून मामाकडे शिकायला आलेला. मी दहावीनंतर शाळा सोडली, सायकलवर टॉवेल-चादरी बांधून आठवडी बाजार केले आणि पुढं कापडाचं दुकान टाकलं. कुणाच्या मेहेरबानीवर नाही टाकलं. सुधाकर एमएस्सी झाला, कॉलेजात तासावर शिकवू लागला आणि एक खोली भाड्यानं घेऊन त्यानं क्लास काढला.

पहिल्या वर्षी त्याची मुलं सपाटून आपटली. पोरं हुशार होती, पण ही परीक्षाच वेगळी. चार पर्यायांतला एक निवडायचा, बरोबर आला तर चार गुण, चुकला तर एक कापला जाणार, आणि प्रश्नाला वेळ जेमतेम मिनिटभर. सुधाकरनं त्यांना प्रत्येक गणित मुळापासून मांडायला शिकवलं होतं. एक पोरगी कप्पीच्या एका गणितावर वीस मिनिटं बसली आणि फिजिक्सचा मागचा अर्धा भाग कोरा ठेवून रडत बाहेर आली. सुधाकर तोंड पाडून दुकानात आला. "येते रे त्याइले सारं, गजा. वेळच पुरत नाई." मी म्हणालो, "उद्या चाल माह्यासंगं नागपूरले. मी माल कसा घेतो ते पाह्य."

ठोक बाजारात जाणाऱ्या माणसाकडेही वेळ मोजकाच असतो. सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारच्या गाडीनं यायचं, मधल्या वेळात पूर्ण बाजार. माझी रीत अशी, की पहिल्या फेरीत कुठंही बसायचं नाही. परकर, टॉवेल, रुमाल, ज्याचा भाव आपल्याला झोपेतही माहीत आहे तेवढं उचलायचं आणि बाजाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. दुसऱ्या फेरीत जिथं थोडं बोलावं लागेल तो माल. अडेल व्यापारी तिसऱ्या फेरीसाठी ठेवायचे. आणि चार ठिकाणी चार भाव सांगितले तर हिशेबाला बसण्याआधी दोन भाव मनातून खोडून टाकायचे, कारण ते ऐकताच कळतं की या भावात हा माल असूच शकत नाही. सुधाकर माझी पिशवी खांद्याला अडकवून मागून फिरत होता. परतताना गाडीत तो एका बिलाच्या पाठीमागे काहीतरी लिहीत बसला. मग मान वर करून म्हणाला, "गजा, पेपर असाच सोडवाचा असते रे!"

तिथून त्याच्या तीन फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या फेरीत पाहताक्षणी येणारे प्रश्न, दुसऱ्या फेरीत चार ओळींचं गणित लागणारे, तिसऱ्या फेरीत अडलेले. आधी चारही पर्याय वाचा, मग पेनाला हात लावा. वेग विचारलाय आणि पर्यायाचं एकक वेगाचं नसेल, तर तो तिथंच खोडा. उताराचं गणित असेल तर कोन शून्य करून पाहा. "सपाट जागेवर ठोकळा आपोआप घसरून राह्यला काय रे? नाई ना? मग ज्या पर्यायात घसरते तो गेला!" असं तो फळ्यापाशी ओरडायचा आणि पोरं हसायची. त्याची मुलं मेडिकलला लागायला लागली. आर्वीहून, देवळीहून पोरं येऊ लागली, दारूगोळ्याच्या डेपोतल्या नोकरदारांनी आपली मुलं पाठवली. मग त्यानं एक पुस्तिका छापली, 'तीन फेऱ्या' याच नावाची. पहिल्या पानावर आईवडिलांचे आभार, बायकोचे आभार, कॉलेजचे, छापखानावाल्याचेसुद्धा. माझं नाव कुठंच नव्हतं.

माझा स्वभाव तापट आहे, हे बाजाराला माहीत आहे. मी पुस्तिका घेऊन थेट त्याच्या वर्गात गेलो. पन्नास पोरं समोर. "मास्तर, हे कोनं शिकवलं तुले? सांग ना याइले!" सुधाकरनं खडू खाली ठेवला. अगदी हळू म्हणाला, "गजा, तू कापड घेत होता. हे मी बनवलं." मी पुस्तिका टेबलावर आपटून निघालो. त्यानंतर पाच वर्षं आम्ही बोललो नाही. आमच्या बायका बोलायच्या, दिवाळीचे डबे इकडून तिकडे जायचे, त्याच्या घरचे अनारसे मी खायचो. पण तो समोरून आला तर मी रस्ता बदलायचो. त्याची मुलं पास झाली की चौकात फलक लागायचे आणि दरवर्षी मला वाटायचं, यात माझा वाटा आहे आणि तो दाबला गेला आहे. आजही वाटतं. माणूस गेला म्हणून मी खोटं लिहिणार नाही.

तो वर्ध्याला दवाखान्यात आहे असं कळलं तेव्हा मी गेलो. नुसतं भेटायला गेलो असं म्हणालो तर तेही खोटं होईल. एकदा त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. तो फार वाळला होता, आवाज खोल गेला होता. मला पाहून हसला. "आला काय? बस." मी बसलो, संत्री ठेवली आणि पाच मिनिटांत विषयावर आलो. "सुधा, इथं कोनी नाई. एकदा मान, ते माह्यं होतं."

"तुले अजून तेच पडलं हाय?"

"हो. तेच पडलं हाय."

त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "दोन फेऱ्या तुह्या, गजा. कबूल. तिसरी नाई."

"काऊन? तिसरी काऊन नाई?"

"त्या दिवशी आपली गाडी कशानं चुकली होती?"

त्या दिवशीची ही गोष्ट मी वर लिहिली नाही. कुणालाच कधी सांगितली नाही. आम्ही दुपारच्या गाडीनं आलोच नव्हतो. तिसऱ्या फेरीत मी एका चादरीवाल्यापाशी अडलो. तो थोडासुद्धा उतरेना आणि मी उठेना. सुधाकर पिशवी घेऊन दारात उभा, "गजा, चाल, गाडी हाय," म्हणत. त्याचा संध्याकाळचा क्लास होता, पोरं येणार होती. मी त्याला हातानं थांबवत राहिलो. शेवटी चादरी माझ्या भावात मिळाल्या आणि स्टेशनवर पोहोचलो तर गाडी निघून गेलेली. आम्ही संध्याकाळच्या गाडीनं परतलो. पोरं वाट पाहून घरी गेली होती. चादरी स्वस्तात मिळाल्या याच आनंदात मी होतो. आणि तो बिलाच्या मागे लिहीत बसला होता, की तिसऱ्या फेरीत अडलं तर सोडायचं आणि उठायचं.

हे कळायला मला दवाखान्यातली ती खुर्ची लागली. पण कळलं म्हणून मानलं असं नाही. मी तिथंही भडकलो. "म्हंजे माही चूक तेवढी शिकवली तू पोराइले?" म्हणून उठलो. तो म्हणाला, "येजो पुन्हा." मी गेलो नाही. जाईन म्हणत होतो... दहाव्या दिवशी फोन आला.

तेरवीनंतर वहिनींनी बोलावलं. पोरांची परीक्षा तोंडावर होती आणि रविवारचा सराव पेपर बुडू नये असं त्यांना वाटत होतं. "तुम्ही फक्त घड्याळ घेऊन बसा, गजूभाऊ. बाकी पोराइले सारं माहीत हाय." नाही म्हणता आलं नाही. त्याच्या खुर्चीवर बसलो. कूलरचा आवाज, पानं उलटल्याचा आवाज. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. "दहा मिनिटं राह्यली," असं मी म्हणालो तशी सगळी उत्तरपत्रिकेतले गोळे काळे करू लागली. एक पोरगी मात्र कच्च्या कागदावर मान घालून बसली होती, ओठ घट्ट मिटलेले. पुढच्या बाकावरचा एक पोरगा हळूच म्हणाला, "काका, अशा वेळी सर बाकावर दोनदा टकटक करत होते. बोलत नव्हते काही."

मी तिच्यापाशी जाऊन उभा राहिलो. तिनं वर न पाहता म्हटलं, "थांबा ना काका, निघूनच राह्यलं उत्तर." मला फिजिक्स येत नाही, पण पेन ज्या तऱ्हेनं तिनं धरलं होतं ती तऱ्हा मला चांगली येते. हात उचलायला मला वेळ लागला. मग टकटक केलं. तिनं रागानं माझ्याकडे पाहिलं, पान उलटलं आणि मागचे प्रश्न करू लागली.

पेपर गोळा करताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "येत होतं मले ते."

"येत असन, पोरी," मी म्हणालो आणि तिच्या हातातून पेपर घेतला.