फक्त स्वतःच्या मनाने वागणारे काका

तुम्ही आज सकाळपासून एक तरी गोष्ट निव्वळ स्वतःच्या मनाने केलीत का? माझ्या मावशीच्या यजमानांनी हा प्रश्न मला कॉर्कच्या विमानतळावर, माझी बॅग गाडीत ठेवायच्याही आधी विचारला होता. अख्ख्या आयर्लंडमध्ये त्याला छातीठोकपणे 'हो' म्हणणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला.

काका इथल्या सरकारी हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहेत. मी त्यांच्याकडे राहून शिकते आणि समाज माणसाच्या डोक्यात काय काय कोंबतो यावर पत्रकं लिहिते. ती शेवटपर्यंत वाचणारे काका एकटेच. इथे बसमधून उतरताना प्रत्येक जण ड्रायव्हरचे आभार मानतो. काका मानत नाहीत. "आतून आले तर मानीन," असं म्हणून ते दाराशी थांबतात, आत काही हलतंय का ते पाहतात, आणि मागची रांग खोळंबते. शेजारीण भर पावसात "ग्रँड डे" म्हणाली की तिला आकाश दाखवतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला आरती सुरू झाली की बाहेर जिन्यात जाऊन उभे राहतात. तिथे तालात टाळ्या वाजवताना मी त्यांना पकडलं, तर म्हणाले, "हात सवयीचे गुलाम आहेत. मी नाही." कुठल्याही समारंभाला लोक काय घालणार आहेत याची ते आठवडाभर आधी फोनवर चौकशी करतात, कारण त्याशिवाय उलट काय घालायचं हे ठरत नाही. दिवाळीला सगळे झब्ब्यात येणार असं कळल्यावर ते सुटात गेले. थंडीमुळे बाकीचेही ऐनवेळी सुटात आले होते. काका घरी जाऊन झब्बा घालून परत येईपर्यंत फराळ संपला होता. असा हा माणूस मला भयंकर आवडायचा.

मग एका सकाळी मावशी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता म्हणाली, "रविवारी मी पण जाणार आहे शेजारणीबरोबर. समुद्रात पोहायला. कॉश्च्यूम आणलाय."

"कशाला?" काका म्हणाले.

"मनात आलं म्हणून."

काकांनी चमचा खाली ठेवला. "पाणी किती गार असतं माहितीये?"

"अहो, ती सत्तर वर्षांची आहे. जाते ना दर रविवारी."

"तिला सवय आहे."

"मला लावून घ्यायचीये. पंधरा वर्षं खिडकीतून तिला जाताना बघतेय."

मग काकांनी मावशीचे गुडघे काढले, रक्तदाब काढला, आणि सगळं संपल्यावर हळूच म्हणाले, "आणि तिथे मंडळातलं कुणी भेटलं म्हणजे?"

आता खरं तर माझी पाळी होती. या एका वाक्यावर मी चार पानी पत्रक काढलेलं आहे. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "मावशी, वेटसूट मिळतो बघ. अगदी घोट्यापर्यंत अंग झाकणारा."

मावशीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. "तू पण का," एवढंच म्हणाली आणि पोहे वाढले.

रविवारी ती गेली. कॉश्च्यूममध्येच. गाडी काकांनी काढली, मीही गेले. शेजारणीचा हात धरून मावशी पाण्यात उतरली. काका मोठा टॉवेल दोन्ही हातांनी पसरून, समुद्राकडे पाठ करून, पार्किंगमध्ये येणारी प्रत्येक गाडी न्याहाळत उभे. "अहो, बघा तरी इकडे," मावशी लाटांतून ओरडली. "मराठीत ओरडू नकोस," काका मान न वळवता म्हणाले.

मग टॉवेल तसाच धरून ते मला म्हणाले, "अगं, वीस वर्षांत मी लोकांसारखं काय काय केलं नाही, त्याची यादी पाठ आहे मला. स्वतःला हवं म्हणून काय केलं, ते मघापासून आठवतोय."

मावशी बाहेर आली तेव्हा थंडीने दात वाजत होते आणि ती हसत होती. इतकी मोकळी हसताना मी तिला पाहिलं नव्हतं. काकांनीही पाहिलं नव्हतं, आणि त्या दिवशीही ते पार्किंगकडेच बघत होते.

आता दोघं दर रविवारी जातात. तेव्हा एक विनंती. कॉर्कजवळच्या एखाद्या किनाऱ्यावर पाण्याकडे पाठ करून उभा असलेला, टॉवेल धरलेला मराठी माणूस दिसला, तर ओळख असली तरी दाखवू नका. सरळ पुढे निघून जा. माझ्या तत्त्वांत हे बसत नाही, पण पार्किंगमध्ये पाहण्यासारखं काही उरलं नाही, तर कदाचित ते मान वळवतील.