काडीवहिनीचा रिपोर्ट

अंगाने इतकी शिडशिडीत की सगळा कारखाना तिला काडीवहिनी म्हणायचा. तिथे रेनकोट आणि तंबूंचं कापड तयार व्हायचं. वहिनीचं काम लेपाच्या हौदापाशी. कापडाची पट्टी पांढुरक्या द्रावणातून ओढायची, रुळांवर चढवायची आणि गरम भट्टीत सोडायची. असं कापड पाण्याला दाद देत नसे. भट्टीतून गोडसर वाफ यायची. अकरा वर्षं ती वाफ वहिनीच्या नाकातोंडात जात होती. हातमोजे होते, पण बोटांशी फाटलेले.

वार्षिक तपासणीत तिच्या रक्तातली चरबी भलतीच वाढलेली निघाली. घरात आधी हशाच पिकला.

"चोरून काय काय हाणतेस गं?" नवरा म्हणाला. "आम्हालाही दे की थोडं!"

वहिनीही हसली. पण दुसऱ्या दिवसापासून तिने स्वयंपाकातलं तेल जवळजवळ बंद केलं. सकाळी तासभर चालायला लागली. सासूबाई कुरकुरल्या, मुलगी ताट सरकवून उठली. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर आकडा आणखीच वर. आता नवरा हसला नाही.

"खरं सांग, बाहेर काही खातेस का?"

इतक्या वर्षांच्या संसारात त्याने पहिल्यांदाच तिच्यावर अविश्वास दाखवला होता, आणि तोही दोन घासांवरून. ते तिला फार लागलं.

दुपारच्या सुट्टीत तिने हौदावरच्या सोबतिणीपाशी मन मोकळं केलं. ही तेवीस वर्षांची. सगळे तिला चिमणी म्हणत. चिमणीचा घास हातातच राहिला.

"वहिनी, माझाही रिपोर्ट तसाच आलाय. घरी दाखवलाच नाही मी. लग्नाचं बघतायत ना."

मग वहिनीने एकेकीला विचारलं. हौदावर नऊ जणी, त्यांतल्या सात जणींची चरबी वाढलेली. शिलाई विभागात पंधरा जणींमध्ये दोघीच. तिने हौदात ओततात त्या द्रावणाच्या पिंपावरच्या लेबलचा फोटो काढला आणि तिला तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना दाखवला.

बाईंनी तो मोठा करून दोनदा वाचला. "तुम्ही काय काम करता, हे मी आधीच विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "यातली काही रसायनं शरीरात गेली की वर्षानुवर्षं निघत नाहीत. ती ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांच्यात चरबीही जास्त आढळते. तुमचं त्यामुळेच वाढलं, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार. पण जेवणाला दोष देणं आता पुरे."

वहिनी चिमणीला घेऊन सुपरवायझरकडे गेली. त्याने मात्र हात झटकले. "वय झालं की होतं असं, वहिनी."

वहिनीने चिमणीचा हात धरून तिला पुढे ओढलं. "मग हिचं वय विचारा!"

त्याने दोघींचे रिपोर्ट मागून घेतले.

पुढे भट्टीवर वाफ खेचणारा पंखा बसला, नवे हातमोजे आले, वहिनीला शिलाईवर घेतलं. पिंपं मात्र तीच राहिली. आता दोन वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत. आकडा थोडा उतरलाय, पण हवा तेवढा नाही. नवऱ्याने माफी अशी कधी मागितली नाही. तपासणीला मात्र रजा काढून बरोबर येतो आणि बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसतो.

चिमणी अजून हौदावरच आहे. शिलाई येणाऱ्यांनाच तिकडे घेतात, म्हणून वहिनी तिला सुट्टीत मशीनवर बसवते. तिचे टाके अजून वाकडेच पडतात.